चुंबकावर वस्तू तरंगत नाही, उलटते किंवा निसटते: कारण आणि उपाय

दिवाळीच्या सुट्या संपल्या की नागपूरच्या शाळांत विज्ञान प्रदर्शनाची तयारी सुरू होते, आणि दरवर्षी हाच प्रश्न समोर येतो. खाली एक चुंबक, वर एक चुंबक, सारखे ध्रुव समोरासमोर. हातात धरून पाहिलं तर वरचा चुंबक चांगलाच ढकलला जातो, म्हणजे स्वतःचं वजन पेलण्याइतकं बळ नक्की आहे. पण बोटं सोडली की तो क्षणात उलटून खटकन खालच्याला चिकटतो, नाहीतर बाजूला निसटून टेबलाखाली जातो. "सर, काहून पडून राहिला हा? व्हिडिओत तर मस्त तरंगते!" मग घरचे मुलाला घेऊन बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात जातात, आणखी मोठा चुंबक आणतात, आणि तो आणखी जोरात उलटतो.

म्हणून उत्तर आधी देतो. नुसते कायमस्वरूपी चुंबक, सगळे जागच्या जागी थांबलेले, कुठे टेकू नाही, वीज नाही, दुसरा कोणता खास पदार्थ नाही, अशा मांडणीत वस्तू हवेत स्थिर राहू शकत नाही. ताकद कमी पडते म्हणून नव्हे; दोनाऐवजी वीस चुंबक लावले तरी हेच होणार. सॅम्युअल अर्नशॉ या इंग्लिश गणितज्ञाने १८४२ मध्ये छापून आलेल्या निबंधात याचं गणित मांडलं. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलणाऱ्या बलांच्या जोरावर एखादा कण स्थिर समतोलात धरून ठेवता येत नाही, हे त्याने दाखवलं. तेच गणित विद्युतप्रभारांना लागू पडतं आणि चुंबकांनाही. त्यामुळे मुलाला "तुझा हात हलतो" किंवा "चुंबक हलका आणलास" असं कृपा करून सांगू नका. त्याने जे पाहिलं ते बरोबर आहे.

मात्र या सिद्धांताच्या अटी ठरलेल्या आहेत, आणि त्यातली एखादी मोडली की वस्तू खरोखर तरंगते. आपल्या मांडणीत कोणती अट मोडायची, हे लक्षणावरून ठरवता येतं.

लक्षण कोणतं आहे?

भोक असलेले दोन फेराइट (काळसर, साधे) रिंग चुंबक घ्या आणि सारखे ध्रुव समोरासमोर ठेवून उभ्या लाकडी पेन्सिलीत ओवा. वरची रिंग अधांतरी राहते. तिला बोटाने दाबून सोडा, वरखाली झुलून ती पुन्हा त्याच उंचीवर येते. म्हणजे उभ्या दिशेत समतोल पक्का आहे. आता रिंग आणि पेन्सिल यांच्यामधल्या फटीकडे डोळा लावून बघा. रिंग कधीही मधोमध राहत नाही, कुठल्या ना कुठल्या बाजूने ती पेन्सिलीला टेकलेलीच असते. पेन्सिल वजन अजिबात पेलत नाही, पण बाजूला जाण्यापासून आणि उलटण्यापासून तीच रिंगला अडवते. निदान इथेच झालं.

लक्षणं तीन प्रकारची असतात. चुंबक उलटतो, म्हणजे त्याला फिरवणारं बळ आहे. विरुद्ध ध्रुव खाली आणण्याची त्याची धडपड आहे. चुंबक न उलटता बाजूला निसटतो, म्हणजे आडव्या दिशेत समतोल नाही. आणि तिसरं, वरून आकर्षणाने टांगायचा प्रयत्न असेल तर चुंबक एक तर वर जाऊन चिकटतो किंवा खाली पडतो, मधल्या उंचीवर थांबत नाही. तिथे उभ्या दिशेत समतोल नाही. पहिल्या लक्षणावर उपाय केला की काम झालं असं अनेकांना वाटतं. चुंबक पसरट, जड पुठ्ठ्यावर चिकटवला की उलटणं कमी होतं, हे खरं आहे. पण मग दुसरं लक्षण डोकं वर काढतं, कारण अर्नशॉचा नियम उलटण्याबद्दल नाहीच. चुंबकाची दिशा पक्की धरून ठेवली तरी तो लागू असतो.

कोणतीही मांडणी का चालत नाही?

वस्तू एका जागी टिकायची असेल तर त्या जागेपासून कुठेही सरकवली तरी ती परत ढकलली गेली पाहिजे. म्हणजे ऊर्जेच्या नकाशावर तिथे खड्डा हवा. साध्या चुंबकांच्या नकाशात खड्डा कधी नसतो, खिंड असते. खिंडीत उभं राहिलं तर डावीउजवीकडे चढ आणि पुढेमागे उतार. तुम्ही मांडणी कशीही बदला, एका दिशेचा चढ वाढवला की दुसऱ्या दिशेचा उतार तेवढाच वाढतो.

हे आकड्यांत सांगता येतं. वस्तू एक मिलिमीटर सरकवली तर तिला परत आणणारं बळ किती, याला त्या दिशेचा ताठरपणा म्हणू. परत आणणारं असेल तर अधिक, दूर नेणारं असेल तर उणे. साध्या चुंबकांत तिन्ही दिशांच्या ताठरपणांची बेरीज नेमकी शून्य येते. गोल रिंगांची किंवा चकत्यांची मांडणी चहूबाजूंनी सारखी असते, म्हणून दोन आडव्या दिशा समान. उभ्या दिशेत ताठरपणा अधिक २ असेल तर प्रत्येक आडव्या दिशेत तो उणे १ असणारच. मोठा चुंबक लावला की २ चे २० होतील आणि उणे १ चे उणे १०. बर्डीवरून आणलेला मोठा चुंबक जास्त जोरात का उडतो, ते इथे कळतं.

माझं स्पष्ट मत आहे की प्रदर्शनात मांडण्यासारखी सगळ्यात चांगली गोष्ट हीच बेरीज आहे, आणि ती मुलांना स्वतः मोजता येते. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या. १५ मिलिमीटर व्यासाचे, ५ मिलिमीटर जाडीचे दोन निओडिमियम (चकचकीत, खूप जोरदार) चकतीचुंबक घ्या. काट्याच्या आतल्या लोखंडाचा त्रास होऊ नये म्हणून ताटलीवर थर्माकोलचा उंच ठोकळा ठेवा, त्यावर एक चुंबक पक्का चिकटवा आणि काटा शून्यावर आणा. दुसरा चुंबक लाकडी स्टँडवर बरोबर वर धरा, सारखे ध्रुव समोरासमोर. मध्यापासून मध्यापर्यंत ४ सेंटीमीटर अंतर असताना काटा साधारण २० ग्रॅम दाखवेल. वरचा चुंबक एक मिलिमीटर खाली आणा, आकडा सुमारे २ ग्रॅमनी वाढेल. हा उभा ताठरपणा.

आता दोन्ही चुंबक कडेवर उभे करा, म्हणजे त्यांचा अक्ष आडवा होईल. एक ठोकळ्यावर आणि दुसरा त्याच्यासमोर त्याच ४ सेंटीमीटरवर, स्टँडला. दोन्ही नेमके एका रेषेत असताना काटा शून्याजवळ राहतो. स्टँडवरचा चुंबक एक मिलिमीटर वर घ्या. काट्यावर सुमारे १ ग्रॅम जास्त भरेल, कारण सरकलेल्या चुंबकाला आणखी वर ढकलताना काट्यावरचा चुंबक तेवढाच खाली दाबला जातो. दूर नेणारं बळ, आणि पहिल्याच्या निम्मं. दोन आडव्या दिशांचे उणे १ आणि उणे १, उभ्या दिशेचे अधिक २. आलेख काढून चार्टवर लावला की परीक्षकांना हा सिद्धांत वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

नेहमी करून पाहिल्या जाणाऱ्या युक्त्यांबद्दल थोडक्यात. वाटीच्या आतून सगळीकडे चुंबक चिकटवले तरी खड्डा तयार होत नाही. वाटीचा आकार खड्ड्यासारखा दिसतो, चुंबकीय क्षेत्राचा आकार तसा नसतो. चार कोपऱ्यांत चार खांब उभारून मधे चुंबक ठेवला तर आडव्या दिशा सुधारतात आणि तो वर उसळतो किंवा खाली बसतो. खालून प्रतिकर्षण आणि वरून आकर्षण लावलं तरी बेरीज शून्यच राहते. वस्तूला मऊ लोखंड जोडल्याने परिस्थिती बिघडते, कारण लोखंड जवळच्या चुंबकाकडे जास्त ओढलं जातं आणि उतार आणखी तीव्र होतो. लांबट, तिरक्या, विचित्र आकाराच्या चुंबकांनीही सुटका नाही. कोणताही चुंबक हा असंख्य लहान चुंबकांचा समूह असतो, आणि अनेक शून्यांची बेरीज शून्यच येते.

व्हिडिओत तरंगणारा बल्ब, कुंडी किंवा पृथ्वीचा गोल दिसतो त्याच्या बैठकीला अॅडाप्टरची वायर असते. ते नुसते चुंबक नाहीत, आत सेन्सर आणि कॉइल आहेत.

उपाय पहिला: एका दिशेला टेकू द्या

शाळेच्या प्रकल्पासाठी मी सगळ्यात आधी हाच सुचवतो. स्वस्त आहे, प्रदर्शनाचे तीनही दिवस चालतो आणि नियमही सोबत दाखवतो.

आडवी पेन्सिल तरंगवायची. पेन्सिलीवर दोन रिंग चुंबक दूर दूर बसवा, सैल असतील तर खाली कागदी टेप गुंडाळा. प्रत्येक रिंगखाली बैठकीवर डावीकडे एक आणि उजवीकडे एक चुंबक कडेवर उभा करा, तोंडं पेन्सिलीच्या लांबीच्या दिशेने. वरचे-खालचे मिळून सगळ्यांचे उत्तर ध्रुव एकाच बाजूला आले पाहिजेत. असे शेजारी-शेजारी समांतर ठेवलेले चुंबक एकमेकांना ढकलतात आणि पेन्सिल उचलली जाते. बैठकीवरचे दोघेही एकमेकांना ढकलत असतात, तेव्हा ते पक्के चिकटवा.

पेन्सिल बाजूला घसरत असेल तर खालच्या जोडीतलं अंतर कमी आहे. मधून खाली पडत असेल तर जास्त आहे. छोट्या चुंबकांसाठी अंदाज असा: पेन्सिल खालच्या चुंबकांच्या मध्यापासून ३ सेंटीमीटर उंच राहणार असेल, तर जोडीतल्या दोघांच्या मध्यांत ६ सेंटीमीटरच्या आसपास अंतर ठेवा. ३ पेक्षा कमी झालं की बाजूचा समतोल जातो, १२ च्या पुढे गेलं की उभा जातो. या दोन्ही दिशा पक्क्या झाल्यावर बेरीज शून्य व्हायला तिसरी दिशा, म्हणजे पेन्सिलीच्या लांबीची, अस्थिर असणारच. पेन्सिल पुढे किंवा मागे सुटते. म्हणून पेन्सिलीवरच्या दोन्ही रिंगा बैठकीच्या चुंबकांपेक्षा २-३ मिलिमीटर पुढे बसवा आणि समोर काचेचा तुकडा उभा करा. पेन्सिलीचं टोक काचेला हलकं टेकतं, बाकी सगळी पेन्सिल हवेत. बोटाने फिरवली तर बराच वेळ गरगरत राहते. पुन:पुन्हा मागे सुटत असेल तर रिंगा मागच्या बाजूला सरकल्या आहेत, एवढंच तपासा.

हे फक्त खेळण्यापुरतं नाही. जुन्या चकतीवाल्या वीजमीटरांच्या काही प्रकारांत चकतीचं वजन चुंबक पेलतात आणि बारीक पिन तिला मधोमध ठेवते, अगदी याच तत्त्वावर.

चिकटवण्याबद्दल एक सूचना. निओडिमियमला ग्लू गनचा गरम गोंद लावू नका. साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसपर्यंतच वापरायचे असतात, त्यापुढे त्यांची ताकद कायमची घटते. दोन ट्यूबांचा इपॉक्सी वापरा. आणि हे चुंबक लहान भावंडांच्या हाताला लागू देऊ नका. दोन चुंबक गिळले गेले तर आतड्याच्या भिंती मधे चिमटून जिवावर बेततं, तशी शंका जरी आली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा. पेसमेकर असलेल्या आजीआजोबांपासूनही ते लांब ठेवा.

उपाय दुसरा: फिरता भोवरा

इथे टेकू नसतो, वीज नसते, आणि भोवरा खरंच हवेत राहतो. अमेरिकेतल्या रॉय हॅरिगन यांना १९८३ मध्ये याचं पेटंट मिळालं. पुढे लेव्हिट्रॉन नावाचं खेळणं बाजारात आलं, आणि मायकेल बेरी या भौतिकशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये त्याचं गणित नीट उलगडलं. फिरण्यामुळे भोवरा उलटत नाही, हे अर्धंच कारण आहे. भोवऱ्याचा अक्ष जागा बदलेल तसा तिथल्या क्षेत्राच्या दिशेशी जुळवून घेत राहतो. त्यामुळे त्याची ऊर्जा क्षेत्राच्या एका घटकावर न राहता क्षेत्राच्या एकूण तीव्रतेवर ठरते, आणि तीव्रतेच्या नकाशात मात्र खड्डा असू शकतो. तो खड्डा अगदी उथळ असतो. सगळ्या तक्रारींचं मूळ तिथे आहे.

नागपूरची खास तक्रार अशी: "सकाळी तर बराबर तरंगत होता जी, आता उचलूनच नाही राहिला." बहुतेक वेळा हे तापमानामुळे होतं. डिसेंबरात आपल्याकडे सकाळी १२-१३ अंश आणि दुपारी २८ च्या आसपास असतं. फेराइट चुंबक प्रत्येक अंशामागे सुमारे ०.२ टक्के ताकद घालवतो. १५ अंशांच्या फरकाने बैठक ३ टक्के आणि भोवरा ३ टक्के, म्हणजे उचलणारं बळ जवळपास ६ टक्के घटतं. भोवऱ्याच्या वजनात मात्र एखाद्या टक्क्याचीच चूक चालते. म्हणून सोबत आलेले बारीक वॉशर खिशात ठेवा. दुपारी उचलला जात नसेल तर एक हलका वॉशर काढा. सकाळच्या गारव्यात वर उसळून निसटत असेल तर एक घाला. थंड झालेले चुंबक पुन्हा पूर्ववत होतात, तेव्हा खेळणं बिघडलं म्हणून परत करायला धावू नका.

नेहमी एकाच बाजूला घसरत असेल तर बैठकीची ती बाजू किंचित उंच करा. लोखंडी टेबल हे दुसरं मोठं कारण. शाळांत पत्र्याची बाकं असतात, ती क्षेत्र वाकवतात. लाकडी स्टूल घरून न्या. शेजारच्या प्रकल्पात स्पीकर किंवा मोटर असेल तर जागा बदलून मागा. फिरण्याचा वेगही मोजका लागतो, सेकंदाला साधारण २० ते ३५ फेऱ्या. त्याहून हळू असेल तर भोवरा उलटतो, फार वेगात असेल तर अक्ष क्षेत्राशी जुळवून घेत नाही आणि तो निसटतो. हवेच्या घर्षणाने दोनेक मिनिटांत वेग घटतो आणि भोवरा पडतो. हे होणारच. परीक्षक समोर आल्यावर फिरवा.

उपाय तिसरा: ग्राफाइट

काहीही न फिरवता, वीज न लावता, साध्या खोलीत कायम तरंगणारी वस्तू हवी असेल तर हा एकच घरगुती मार्ग आहे. ग्राफाइट, बिस्मथ, पाणी हे प्रतिचुंबकीय पदार्थ. चुंबक जवळ आणला की त्यांच्यात नेमकं उलट दिशेचं अगदी क्षीण चुंबकत्व येतं आणि ते तीव्र क्षेत्रापासून दूर सरकतात. कमी तीव्रतेची जागा हवेत तयार करता येते, म्हणून इथे खरा खड्डा मिळतो. वेर्नर ब्राउनबेक यांनी १९३९ मध्ये हे सिद्ध केलं आणि ग्राफाइट व बिस्मथचे बारीक तुकडे तरंगवूनही दाखवले. आंद्रे गाइम आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये नेदरलँड्समध्ये सुमारे १६ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) क्षेत्रात जिवंत बेडूक तरंगवला, तोही याच तत्त्वावर.

घरी करायचं तर निओडिमियमचे चार घन चौकोनात चिकटवा, बुद्धिबळाच्या पटासारखे: उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण. त्यावर पायरोलिटिक ग्राफाइटचा (कारखान्यात थरावर थर चढवून बनवलेल्या ग्राफाइटचा) पातळ तुकडा ठेवा. तो ऑनलाइन मिळतो. साधा ग्राफाइटचा ठोकळा चालणार नाही. तुकडा जेमतेम मिलिमीटरभर उंच तरंगतो, आणि मुलांना हे आधीच सांगा, नाहीतर निराश होतात. मागे मोबाइलचा टॉर्च लावला की फट स्पष्ट दिसते.

तरंगत नसेल तर तुकडा जाड आहे. पारदर्शक चिकटपट्टी लावून त्याचे थर सोलून काढा. याच चिकटपट्टीच्या युक्तीने गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी २००४ मध्ये ग्राफीन, म्हणजे ग्राफाइटचा एका अणूच्या जाडीचा थर, वेगळं केलं आणि २०१० चं नोबेल मिळवलं. मुलांना हे सांगितलं की सोलताना त्यांचे हात जपून चालतात. तुकडा एका कडेला खेटून बसत असेल तर घनांचे वरचे पृष्ठभाग एका पातळीत नाहीत किंवा मांडणीत एखादा ध्रुव चुकला आहे. नुसताच चिकटून बसत असेल तर त्यावर लोखंडाचा कीस आहे. वर्कशॉपजवळच्या धुळीत तो असतोच. टेपने टिपून घ्या.

उपाय चौथा: सेन्सर आणि कॉइल

आठवी-नववीच्या मुलांसाठी मी हा टाळायला सांगतो, अकरावीच्या पुढे जरूर करा. वर विद्युतचुंबक, खाली टांगलेला चुंबक, मधे हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर. चुंबक खाली गेला की प्रवाह वाढवायचा, वर आला की कमी करायचा. अस्थिर दिशेला सेकंदासेकंदाला सावरत राहणं पुरत नाही. किती वेगाने सावरावं लागतं, ते आधी काढा. २ सेंटीमीटरच्या फटीत चुंबक सुटायला लागतो त्याला लागणारा काळ २० ते २५ मिलिसेकंदांचा असतो. तुमचं सर्किट याहून बरंच चपळ हवं.

आर्डुइनोवर (प्रोग्रॅम भरता येणाऱ्या छोट्या सर्किट-बोर्डावर) करणाऱ्यांचा प्रकल्प बहुतेक इथेच अडतो. प्रोग्रॅममध्ये आकडे बघण्यासाठी ९६०० बॉडच्या वेगाने संगणकाला आकडे पाठवणारं सीरियल प्रिंट ठेवलेलं असतं. एका अक्षराला सुमारे एक मिलिसेकंद लागतो, म्हणजे दहा अक्षरं छापता छापता चुंबक निम्मा पडलेला असतो. ते आणि डिले दोन्ही काढून टाका. चुंबक वाढत्या झोक्यांनी वरखाली होऊन पडत असेल तर तुम्ही फक्त अंतरावरून प्रवाह ठरवता आहात. अंतर किती वेगाने बदलतं आहे तेही हिशेबात घ्या. कॉइल चटकन तापत असेल तर फट फार मोठी आहे. चुंबक कॉइलच्या लोखंडी गाभ्याकडे आपणच ओढला जातो. वजन त्या ओढीने पेललं जाईल इतक्या जवळ आणा, कॉइलने फक्त दुरुस्ती करावी. सेन्सर कॉइलचं क्षेत्रही मोजतो, तेव्हा चुंबक नसताना कॉइल चालू-बंद करून आकडा किती हलतो ते पाहा आणि तेवढा वजा करा.

अतिवाहकाचा (खूप थंड केल्यावर विजेला अजिबात रोध न करणाऱ्या पदार्थाचा) मार्ग शाळेत शक्य नाही, त्याला उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन लागतो. एक नवा मार्गही सापडला आहे. तुर्कस्तानच्या हमदी उचार यांनी २०२१ मध्ये दाखवलं की एक चुंबक अतिशय वेगाने फिरवला तर त्याच्याजवळ दुसरा चुंबक अधांतरी अडकून राहतो. डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये त्यामागचं कारण प्रयोगांनी उलगडलं, सेकंदाला सुमारे २०० फेऱ्यांच्या वेगावर. चुंबक सुटून डोळ्यात जाण्याचा धोका खरा आहे, म्हणून मुलांनी ड्रिल मशीनवर हे अजिबात करू नये.

मॅग्लेव्ह (चुंबकांवर तरंगत धावणाऱ्या) ट्रेनचं मॉडेल अडत असेल तर

दर प्रदर्शनात एक तरी असतंच, आणि हल्ली त्यावर नागपूर मेट्रोचं नाव लिहिलेलं असतं. आपली मेट्रो २०१९ पासून स्टीलच्या चाकांवर धावते, तेवढं नाव बदला. मॉडेलमध्ये दोन्ही बाजूंना अॅक्रिलिकच्या भिंती असतात आणि डबा कुठल्यातरी भिंतीला घासत असतो. हे बांधणीतलं वैगुण्य नाही, पेन्सिलीसारखाच टेकू आहे. घर्षण कमी करायला भिंतीच्या आतून गुळगुळीत टेप लावा, दोन्हीकडे एकेक मिलिमीटरच फट ठेवा, वजन डब्याच्या तळाशी घ्या. डबा ठरावीक जागी अडत असेल तर तिथे रुळावरच्या दोन चुंबकांमध्ये जागा सुटली आहे. सलग चुंबकपट्टी वापरली तर हा त्रास जातो.

खऱ्या गाड्या भिंतींना न घासता कशा धावतात, हे परीक्षक हमखास विचारतात. शांघायची गाडी विद्युतचुंबकांवर चालते आणि सुमारे एक सेंटीमीटरची फट सेन्सर सतत सांभाळत असतात, म्हणजे उपाय चौथा. जपानच्या गाडीत अतिवाहक चुंबक आहेत. गाडी धावते तेव्हा मार्गाच्या बाजूच्या कॉइलींमध्ये प्रवाह तयार होतो आणि तो तिला उचलून धरतो. २०१५ मध्ये तिने ताशी ६०३ किलोमीटर वेग गाठला, पण ताशी १५० किलोमीटरच्या आसपास पोहोचेपर्यंत तीही रबरी चाकांवरच धावते. थांबलेली गाडी तशी तरंगू शकत नाही.

प्रकल्पाच्या कार्डावर "चुंबकाने तरंगणारी ट्रेन" एवढंच लिहू नका. "वजन चुंबक पेलतात, दिशा भिंत सांभाळते" असं लिहा. नियम माहीत असलेला परीक्षक तिथे थांबून पुढचं विचारतो.

हे सगळं करूनही जमत नसेल तर विचारताना एवढं कळवा: चुंबक फेराइट आहे की निओडिमियम, आकार किती, वस्तूचं वजन किती, खालचं टेबल कशाचं आहे, आणि सोडल्यावर पहिल्या क्षणी ती कोणत्या दिशेला गेली. शेवटच्या प्रश्नासाठी मोबाइलवर स्लो मोशनमध्ये समोरून आणि बाजूने असे दोन व्हिडिओ काढा. उलटणं आणि निसटणं डोळ्यांना एकाच वेळी झाल्यासारखं दिसतं, व्हिडिओत त्यातलं आधी काय झालं ते सापडतं.